आजाराचा रकाना

सिंदी (मेघे),
७ एप्रिल २०२४

ती. प्रेमदासदादास,
अन्नपूर्णाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड परवा मिळालं. जागा संपली तरी तू कडेकडेने लिहीतच राहतोस, त्यामुळे ते वाचायला मला कार्ड गोल फिरवावं लागतं आणि वॉर्डातल्या पोरी हसतात. मास्तरकी सुटून सात वर्षं झाली, पण तुझा हात काही थांबत नाही. तरी आपल्याला पत्रच बरं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्या दोन खोल्यांत मी एक शब्द बोलले तरी तो सासूबाईंपर्यंत पोचतो. हेसुद्धा ड्युटीवर, दुपारची औषधं वाटून झाल्यावर लिहिते आहे.

विषय मयुरीचा आहे. सातवीचे पेपर या आठवड्यात संपतील आणि तिला यंदा उन्हाळी शिबिराला जायचंच आहे. फ्रिजवर तीन पत्रकं चिकटवून ठेवली आहेत. एक विहारातलं धम्म संस्कार शिबिर. बाबारावांचा कौल त्याला, कारण ते घराजवळ, पंख्याखाली आणि संध्याकाळी पोरगी घरी. मयुरी म्हणते की तिथे ती तीनदा जाऊन आली, आता तिथल्या ताईंना तीच शिकवेल. दुसरं एका कॉलेजातलं विज्ञान शिबिर, सकाळचे तीन तास. तिसरं 'पहाट' नावाचं साहस शिबिर. अकरा दिवस तिथेच राहायचं, टेकडी चढायची, दोरावरून उतरायचं, पोहायचं. जागा तुमच्या तळेगावपासून बारा किलोमीटर. तिची मैत्रीण आचल तिथे जाते आहे, मग बाईसाहेबांना दुसरं काही दिसतच नाही.

तू लगेच सिकलसेलचं नाव काढशील. दादा, मी रोज वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांना तेच समजावते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, लेकराला पाणी कमी पडलं किंवा ते फार दमलं की दुखणं उठतं, म्हणून जपा. माझ्या लेकीला मी जपत नसेन का? पण जुन्या शाळेत तिचं सिकलसेलचं कार्ड दाखवलं तेव्हा काय झालं ते तू पाहिलंस. खेळाच्या तासाला ती खुर्चीवर, सहलीच्या दिवशी घरी, आणि पोरी तिच्या डब्यात हात घालेनात, जणू ते लागतं. म्हणून शाळा बदलली. नव्या शाळेत कोणालाच माहीत नाही. सासूबाईंनासुद्धा तिला रक्त कमी आहे, एवढंच सांगितलं आहे. पोरीच्या जातीला पुढे लग्नाच्या वेळी हे नाव कसं नडतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

काल ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, मले एकदा तरी सगळ्यांसारखं करू दे." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुझं मत कळव. वहिनींना जयभीम. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी बहीण,
अन्नपूर्णा

---

तळेगाव (श्यामजी पंत),
१२ एप्रिल २०२४

चि. अन्नपूर्णास,
प्रेमदासचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. वॉर्डातल्या पोरींना सांग की कार्डाची किंमत पन्नास पैसे आहे आणि मास्तराने ती पुरेपूर वसूल केली पाहिजे. इथे जयंतीची तयारी जोरात आहे. राकेश मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून माझा मुलगा राहिला नाही, सगळ्या गावाचा झाला आहे. घरी फक्त जेवायला येतो आणि तेही सुमित्राने दोनदा हाक मारल्यावर.

आता मयुरीचं. ते पहाट शिबिराचं पत्रक इथेही आलं आहे. खरं सांगतो, मला आधी ते आवडलं. मोबाइल काढून घेतात आणि पोरांना घरी कागदावर पत्र लिहायला लावतात, एवढं वाचूनच मी पाघळलो. शिवाय जागा माझ्या टप्प्यात. पण जसजसं वाचत गेलो तसतसं मन मागे आलं. पहाटे टाक्यातल्या गार पाण्यात उडी, भर मे महिन्यात दहा वाजेपर्यंत कवायत, आणि 'तहानेवर संयम' असा एक धडा. पंचेचाळीस डिग्रीत तहानेवर कसला संयम शिकवतात, हे त्या लोकांनाच ठाऊक.

तरी मी तिला अडवत नाही. तिच्या वयाच्या पोरीला आयुष्यभर खुर्चीवर बसवून ठेवता येत नाही, हे मलाही कळतं. अट एकच. फॉर्मात आजाराचा रकाना असेल, तिथे खरं लिही. सगळं लिही. मग ते नाही म्हणाले तर विहारातलं शिबिर आहेच.

आपला धाकटा, माझ्या पाठचा भाऊ, तुला आठवतो का? तू पाच वर्षांची होतीस. चैत्रात गुडघे दुखतात म्हणून रडायचा, वैशाखात गेला. वात होता, असं सगळे म्हणाले. मी त्याला शेतावर बोलावून न्यायचो, कारण मलाही वाटायचं की तो कामचुकारपणा करतो. आज मला कळतं तो वात नव्हता. हे मी तुला आजवर बोललो नव्हतो. आता बोललो, कारण त्या वेळी आजाराला नाव नव्हतं आणि आज आहे.

बाबारावांना जयभीम, मयुरीला गोड पापा. भावाचा राग येऊ देऊ नकोस.

तुझा,
प्रेमदास

---

सिंदी (मेघे),
२० एप्रिल २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. धाकट्याचं वाचून रडले. तरीही मी जे केलं ते तुला सांगते, कारण तुझ्यापासून लपवलं तर मला झोप यायची नाही.

मी शिबिराच्या ऑफिसात फोन केला होता. आपलं नाव न सांगता विचारलं, एखाद्या मुलीला रक्ताचा आजार असेल तर घेता का? ते म्हणाले, डॉक्टरांशी बोलून बघू, कदाचित तिला सावलीतले खेळ देऊ. सावलीतले खेळ म्हणजे पुन्हा खुर्चीच ना दादा? आणि आचलच्या देखत. मी फोन ठेवला. काल फॉर्म भरला आणि आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. तब्येतीच्या दाखल्यावर आमच्या एका नव्या डॉक्टरांनी सही केली. सिस्टर स्वतः सांगतात म्हटल्यावर त्यांनी पोरीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. बाबाराव एवढंच म्हणाले, "तू नर्स आहेस, तुले माह्यापेक्षा जास्त समजते." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मी बेपर्वा नाही. तिची रोजची गोळी व्हिटॅमिनच्या डबीत भरून देते आहे. पाणी पीत राहा, थंड पाण्यात उतरू नको, दुखलं की बस, हे तिच्याकडून पाठ करून घेतलं आहे. गेल्या सव्वा वर्षात तिला एकदाही दुखणं उठलेलं नाही. स्थानिक पालक म्हणून तुझं नाव दिलं आहे. तिच्यावर लक्ष ठेव, पण आजाराचं नाव तिथे कोणापुढे काढणार नाहीस असा मला शब्द दे. राकेशलासुद्धा नको. निवडणुकीमुळे इथे रजा बंद आहेत, नाहीतर मीच येऊन विनवलं असतं.

रागावलास तरी पत्र लिही. गप्प बसू नकोस.

तुझी,
अन्नपूर्णा

---

पहाट शिबिर,
१७ मे २०२४

प्रिय आईस,
मयुरीचा जयभीम.

मी इथे मजेत आहे. तू आणि बाबा कसे आहात? आजीचे गुडघे कसे आहेत? आमच्या खोलीत चौदा मुली आहेत आणि माझी गादी आचलच्या शेजारी आहे. काल दोरावरून उतरताना मी तिसरी आले. कैलास सर सगळ्यांसमोर शाबास म्हणाले. ते या शिबिराचे प्रमुख आहेत आणि खूप कडक आहेत, पण गोष्टी छान सांगतात. पत्र लिहून झालं की ते वाचून मगच पाकिटात घालतात.

पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. खाऊ, मोबाइल आणि औषधं ऑफिसात जमा केली. ज्यांच्या फॉर्मवर औषध लिहिलेलं होतं त्यांना ते परत मिळालं. आचलला दमा आहे म्हणून तिचा पंप तिच्याजवळ आहे, आणि दहानंतर तिला झाडाखाली बसायची परवानगीही आहे. कोणी तिला हसत नाही. माझी व्हिटॅमिनची डबी ऑफिसात आहे. सर म्हणाले, अकरा दिवस व्हिटॅमिन नाही खाल्लं तर कोणी मरत नाही.

पाण्याची एक बाटली दुपारपर्यंत पुरवायची असते. ज्याची बाटली शेवटी जास्त भरलेली, त्याच्या गटाला गुण. आमचा गट दुसरा आहे. पहाटे टाक्यात उडी मारायची असते, पाणी खूप गार असतं. मी पहिल्या दिवशी नको म्हटलं तर गटाचे पाच गुण गेले, म्हणून आता मारते. रात्री पायात गोळे येतात, पण ते सगळ्यांनाच येतात.

मामांना पत्र लिहिलंस तर त्यांना सांग की मी त्यांच्यासारखं कडेकडेने लिहीत नाही.

तुझी लाडकी,
मयुरी

---

तळेगाव (श्यामजी पंत),
२० मे २०२४

चि. अन्नपूर्णास,
आशीर्वाद.

हे पत्र राकेशच्या हाती देतो आहे. तो उद्या मंडळाच्या कामाने वर्ध्याला येतोय. पाकीट चिकटवलं आहे, त्याला काही माहीत नाही. तू मागितलेला शब्द मी दिला आणि महिनाभर पाळला. आता मला तो जड झाला आहे.

आज सकाळी मी शिबिरावर गेलो होतो. दहा वाजले होते आणि पत्र्याच्या फाटकाला हात लावला तर चटका बसला. फाटकावरचा माणूस म्हणाला, "काकाजी, भेटता येत नाई. पौर्णिमेले या, त्या दिवशी डबा आणता येते." मी उगाच वाद घातला नाही, पण कुंपणाच्या बाजूने चालत गेलो. पोरांची रांग टेकडीच्या पायथ्याशी धावत होती. आपली मयुरी शेवटून दुसरी. धावत नव्हती, उजवा पाय ओढत होती. मी हाक मारली. तिने मला पाहिलं, हात हलवला आणि लगेच नीट पळायला लागली. मी आहे तोवर ती नीट पळाली, अन्नपूर्णा. मला तिथे उभं राहवेना.

परत येऊन ऑफिसच्या दारात बराच वेळ थांबलो. आतले लोक वाईट वाटले नाहीत. एकाने मला पाणी दिलं, खुर्ची दिली. जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्याच क्षणी सावलीत आणलं असतं, अशी मला खात्री आहे. पण तुला दिलेला शब्द आठवला आणि ऊन फार आहे, पोरांना जपा, एवढंच बोलून मी माघारी फिरलो. सुमित्राने विचारलं की चेहरा का उतरला, तर तिलाही ऊन लागलं असं सांगितलं. बहिणीसाठी या वयात खोटं बोलायला शिकलो.

मला फक्त एक ओळ लिहून पाठव, की दादा, सांगून टाक. राकेश संध्याकाळी परत येईल. रात्र असली तरी मी जाईन.

तुझा,
प्रेमदास

---

सिंदी (मेघे),
२१ मे २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम.

राकेश बाहेर चहा पितो आहे, मी आत लिहिते आहे. मयुरीचं पत्र मला काल आलं. तिची गोळी त्यांनी काढून घेतली आहे. मी फोन केला, तर म्हणाले फॉर्मवर नसलेलं औषध देता येत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीवर आजाराचं नाव येणारच. म्हणजे मी फॉर्मवर खोटं लिहिलं, हे उघड. दाखल्यावर सही करणाऱ्या त्या डॉक्टरांचं काय होईल? माझ्या नोकरीचं काय? आणि आचलची आई त्याच शाळेच्या पालक समितीत आहे.

दादा, आज एकवीस. पंचवीसला शिबिर संपतं. चार दिवसांचा प्रश्न आहे. चार-आठ दिवस गोळी चुकली म्हणून लगेच काही होत नाही, हे मी वॉर्डात पाहिलं आहे. पाय ओढते म्हणजे लचकलाही असेल. परवा पौर्णिमा आहे. राकेशजवळ तिच्या गोळ्यांची पट्टी एका पुडीत देते. वहिनींना खीर करायला सांग, डबा घेऊन जा आणि पट्टी तिच्या हातात दे. तिला भरपूर पाणी पाज आणि माझ्या नावाने सांग की पुढचे दोन दिवस पोट दुखतं म्हणून खोलीत पडून राहा. खोटंच बोलायचं आहे तर एवढं आणखी.

नाव मात्र काढू नकोस. मी तुझ्या पाया पडते. चार दिवसांनी ती घरी आली की पुन्हा कधी असं करणार नाही. वाटल्यास विहारात जाऊन सगळ्यांसमोर कबूल करेन.

मला भीती वाटते आहे.

अन्नपूर्णा

---

तळेगाव (श्यामजी पंत),
२ जून २०२४

चि. अन्नपूर्णास,
प्रेमदासचे आशीर्वाद.

तू दहा दिवस आयसीयूच्या त्या काचेच्या दारापाशी बसून आहेस आणि माझ्याशी बोललेली नाहीस. मी काल आलो, तू पाहिलंस आणि मान फिरवलीस. मला त्याचा राग नाही. तिचं श्वासाचं मशीन काढता येईल का हे डॉक्टर अजून सांगत नाहीत, छातीत पसरलं एवढंच म्हणतात, असं बाबारावांकडून कळलं. म्हणून समोर बोलता येत नाही ते लिहितो.

त्या दिवशी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. मी साडेनऊला खिरीचा डबा आणि खिशात ती पुडी घेऊन पोचलो. मयुरी ऑफिसातल्या बाकावर निजली होती. पहाटेच्या चालण्यात पडली, ऊन लागलं असेल, म्हणून त्यांनी कपाळावर ओली पट्टी ठेवली होती आणि ती उठायची वाट पाहत होते. दोन तास. श्वास धापेसारखा, डोळे हळदीसारखे पिवळे. मी तिथेच मोठ्याने सांगितलं. ऐकू न येणारा माणूस किती मोठ्याने बोलतो ते तुला माहीत आहे. पोरांनी, शिक्षकांनी, फाटकावरच्या माणसाने, सगळ्यांनी ऐकलं. पाच मिनिटांत जीप निघाली. कैलास सरांनी तिला स्वतः उचलून ठेवलं. माणूस रडत होता. रडत रडत एवढंच म्हणत होता की आमच्याजवळ लेखी आहे, लेखी आहे.

मी तीन दिवस आधी त्याच दारात उभा होतो. तुझ्यावर ढकलून मी सुटत नाही. धाकट्याच्या वेळी मला कळत नव्हतं, या वेळी कळत होतं.

सोबत एक कागद आहे. शिबिरवाल्यांनी मयुरीची बॅग माझ्याकडे दिली, तिच्या वहीत तो निघाला. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी लिहिलेला आहे, पाकिटात घातलेला नव्हता, म्हणून कोणी तपासलेला नाही. मी वाचला. सुमित्रा म्हणाली, आत्ता देऊ नका. मी तीन दिवस ठेवून घेतला. पण पत्र ज्याला लिहिलं त्याला पोचलंच पाहिजे, असंच मी पोरांना जन्मभर शिकवत आलो. एकटी असताना वाचू नकोस. बाबारावांना जवळ बसव.

तुझाच,
प्रेमदास

---

पहाट शिबिर,
२२ मे २०२४

प्रिय आई,
जयभीम.

हे पत्र मी सरांना दाखवणार नाही, घरी आल्यावर तुझ्या हातातच देईन. तू ओरडशील, पण आधी पूर्ण वाच.

सोमवारपासून माझा उजवा पाय आणि कंबर दुखते आहे. आज पाठही दुखायला लागली. तू शिकवलं होतंस तसं मी दुखलं की बसले. सर म्हणाले, आठव्या दिवशी सगळ्यांनाच नाटकं सुचतात. मग मला राहवलं नाही आणि मी सांगून टाकलं की मला सिकलसेल आहे. आई, मला माफ कर, मी तुला वचन दिलं होतं. पण खूपच दुखत होतं.

सर रागावले नाहीत. ते ऑफिसात गेले आणि माझा फॉर्म घेऊन आले. सगळे रांगेत उभे होते. त्यांनी तो रकाना वाचून दाखवला आणि खाली तुझी सही दाखवली. म्हणाले, "तुह्या आईनं लिहून देल्लं आहे, आणि ते तर नर्स आहे. मंग खोटं कोण बोलून राह्यलं? तू का तुही आई?"

मी म्हटलं, मी.

थोडे जण हसले. आचल हसली नाही. सर म्हणाले, कबूल केलंस हे चांगलं केलंस, म्हणून शिक्षा फक्त दोन फेऱ्या. मी त्या पूर्ण केल्या. तू काळजी करू नकोस, आता कोणी तुला काही म्हणणार नाही. ते सगळे विसरलेसुद्धा.

उद्या पहाटे टेकडीच्या पलीकडे आठ किलोमीटर चालायचं आहे. मला आता बसता येणार नाही, कारण मी बसले तर पुन्हा तोच प्रश्न निघेल. पण मी चालेन, हळूहळू चालेन. उद्या पौर्णिमा आहे, मामा खीर आणतील असं वाटतं.

मला घरी आल्यावर रागावू नकोस. जवळ घे.

तुझी,
मयुरी